अठरा हातांची देवी

पहाटे चारला नवसाबाईचा दिवस सुरू व्हायचा. सहाला ती नाशिकच्या दवाखान्यात मुलांच्या वॉर्डाची फरशी पुसत असे. तिथे रक्ताच्या कर्करोगाने खाटेला खिळलेल्या छायाला तिने सप्तशृंगी देवीचं चित्र काढून दिलं. सुई टोचतानाही छाया शेंदरी खडू घट्ट धरून चित्राकडे बघायची.

"रोज एकच हात रंगव. रेघेबाहेर गेलीस तर देवी रागवंल."

"देवी नाय, मावशी, तूच रागावतेस! आज सगळे रंगवू दे ना."

"घाई नको. अठरा हात, अठरा दिवस."

पोर तेवढे दिवस तरी जगावी, म्हणून नवसाबाईने ही अट घातली होती. बाराव्या दिवशी सकाळी खाट रिकामी होती. चित्रात अकराच हात शेंदरी झाले होते.

त्या महिन्याच्या पगारातून नवसाबाईने शेंदूर घेतला आणि वणीच्या गडावर जाऊन राहिलेल्या सात हातांसाठी देवीला वाहिला.