दोन सूत जादा

'स्वदेशी' हा शब्द कुणी माईकसमोर उच्चारला की आजही माझं डोकं फिरतं. बायको म्हणते, वय झालं, आता तरी सोडा. मी का सोडू? ज्यांनी आमची चेष्टा केली त्यांनी कधी साधी दिलगिरीसुद्धा कळवलेली नाही.

सत्तरच्या दशकात मी कोल्हापुरात एका फौंड्रीत ड्राफ्ट्समन होतो. धातू वितळवून साच्यात ओतायचा आमचा धंदा. शेतकऱ्यांच्या ऑइल इंजिनांचे भाग, उसाच्या चरकाचे रूळ, पंप, असली कामं. डिप्लोमा झालेला आणि इंग्रजी वाचणारा मी एकटाच, त्यामुळं बाहेरून आलेला प्रत्येक कागद आधी माझ्या टेबलावर यायचा. मालक शेतकरी घरातले, तोंडाचे फटकळ, पण नव्या कामाला कधी नाही न म्हणणारे. आणि कारखान्याचा खरा आधार म्हणजे आमचे पॅटर्न करणारे मिस्त्री. साचा बनवायच्या आधी त्या वस्तूची लाकडी प्रतिकृती लागते, तिला पॅटर्न म्हणतात. ती या माणसाच्या हातून अशी उतरायची की लाकूडच लोखंडासारखं दिसावं. त्यांचे वडील टांगे बांधायचे. आम्ही सगळे त्यांना चाचा म्हणत होतो.

एक दिवस किनाऱ्यावरच्या एका गोदीचं पत्र आलं. लढाऊ जहाजं आता आपल्याच देशात बांधायची, तर त्यांचे सुटे भागही आपलेच असावेत, असं वर ठरलं होतं म्हणे. आमच्याकडून त्यांना समुद्राच्या पाण्याच्या पाइपावरचा एक व्हॉल्व्ह हवा होता. खारं पाणी लोखंड खातं, म्हणून तो गनमेटलचा, म्हणजे तांबं आणि कथील यांच्या मिश्रधातूचा. सोबत ड्रॉइंग आणि एक नमुना. नमुन्यावर कॅनडाचा शिक्का होता.

चाचांनी तो व्हॉल्व्ह हातात घेतला, आत बोट घालून भिंतीची जाडी चाचपली आणि तोंड वाकडं केलं.

"सायेब, ह्यो तर पापडागत पातळ हाय. कॅनडात धातूचा दुष्काळ पडलाय काय?"

आमच्याकडचं गिऱ्हाईक वस्तू हातात तोलून बघायचं. जड लागली की खूश. धातू वाचवणारा कारखानदार म्हणजे दुधात पाणी घालणाऱ्या गवळ्याइतकाच वाईट, हे इथं प्रत्येकाच्या रक्तात होतं. चाचांनी भिंत दोन सूत जाड धरून पॅटर्न केला. सूत म्हणजे इंचाचा आठवा भाग. ड्रॉइंगच्या तळाशी बारीक अक्षरांत लिहिलं होतं की वजन अमुकपेक्षा जास्त नको. मी ते वाचलं, चाचांना सांगितलंही.

"वजन जादा भरलं म्हणून माल परत केल्याला मी तरी आजवर बघितला न्हाय," ते म्हणाले.

मी हसलो आणि ड्रॉइंग गुंडाळून ठेवलं. जहाज तरंगतं, त्यात असे शेकडो व्हॉल्व्ह असतात, प्रत्येकाचं जादा वजन शेवटी एकाच बोटीवर पडतं, हे समजावून सांगणं माझं काम होतं. मी ते केलं नाही, कारण मनातून मलाही चाचांचंच पटलं होतं. या सगळ्या प्रकरणात राग काढायला मला पुष्कळ माणसं आहेत, पण सुरुवात माझ्यापासूनच करावी लागते.

पहिले नग गळके निघाले. पाणी भरून दाब दिला की अंगावर घाम फुटावा तसे थेंब यायचे. चाचा आणि ओतकाम करणारी माणसं दीड महिना त्या एका व्हॉल्व्हशी झुंजली. धातू साच्यात कुठून शिरावा, कुठं आधी थंड व्हावा, हे रोज बदलून बघत. शेवटी दाब टिकला. चाचांनी गल्लीत सगळ्यांना सांगून टाकलं की आपला व्हॉल्व्ह लढाईच्या बोटीवर जाणार. या माणसानं जन्मात समुद्र बघितला नव्हता. तरी मला विचारायचे, तितं पाणी किती खारट असतं, आन् रातंदिस धातूला लागूनच असतं काय.

मग गोदीचा तपासनीस आला. मालकांनी त्याला पावणं पावणं करत बसवलं, जेवायचा आग्रह केला. त्यानं फक्त चहा घेतला आणि कामाला लागला. ठरल्यापेक्षा दुप्पट दाब दिला. व्हॉल्व्ह हूं की चूं न करता उभा. चाचा माझ्याकडं बघून मिशीला पीळ देत होते. मग त्यानं वजनकाटा मागितला आणि पाच मिनिटांत सगळे नग नापास केले.

"जादा दिलंय, कमी न्हाय दिल्यालं," चाचा त्याच्या समोर जाऊन म्हणाले. "जादा देणारा चोर ठरतो व्हय?"

तो माणूस वाईट नव्हता. जे मी सांगायला हवं होतं ते त्यानं शांतपणे सांगितलं, आणि वजन बरोबर करून तीन महिन्यांत पुन्हा पाठवा म्हणाला. तिसऱ्या दिवशी चाचांनी जुना पॅटर्न स्वतः फोडला आणि नवा करायला बसले.

पातळ भिंत ओतणं ही साधी गोष्ट नाही. धातू कोपऱ्यापर्यंत पोचायच्या आत थिजतो. कितीतरी ओतकामं फुकट गेली. पण अडीच महिन्यांत सहा नग असे निघाले की गळती नाही, भेग नाही, आणि वजन कागदावरच्या आकड्याला धरून. आम्ही ते भाताच्या पिंजरात, म्हणजे पेंढ्यात, बांधून खोक्यात भरले, वर पत्र्याची पट्टी मारली आणि ट्रकनं पाठवून दिले.

चार महिन्यांनी खोकं परत आलं. सोबत पत्र. कारखान्यातली माणसं भोवती उभी होती आणि मी वाचून अर्थ सांगत होतो. नग तपासले. भिंत जाड. वजन जास्त. देशातल्या कारखान्यांना पुरेशी संधी देऊनही योग्य माल मिळू शकला नाही, सबब व्हॉल्व्ह परदेशातून घेण्याचं ठरलं आहे.

"परत वाचा," चाचा म्हणाले. मी परत वाचलं. ते खोक्याजवळ गेले, खाली बसले, चारी बाजूंनी हात फिरवला.

"ह्यो खिळा मी मारल्याला," ते म्हणाले. "पट्टी आपली. शिक्का आपला. ह्यानी खोकं उघडलंच न्हाय."

आम्ही उघडलं. पिंजर जसं दाबलं होतं तसंच होतं. चाचांनी सहाही नग सगळ्यांदेखत काट्यावर ठेवले. सहाही बरोबर भरले.

गोदीवाल्यांना आमचा व्हॉल्व्ह नकोच होता. त्यांना फायलीत लावायला एक वाक्य हवं होतं, की बघा, आम्ही आपल्या लोकांना विचारलं आणि आपल्या लोकांना जमलं नाही. ते वाक्य आम्हीच पहिल्या खेपेला दोन सूत जादा देऊन त्यांच्या हातात ठेवलं होतं. दुसऱ्यांदा काही बघायची त्यांना गरजच उरली नव्हती. पुढं एका मासिकात वाचलं की कॅनडातसुद्धा लढाऊ जहाजं आपल्या गोदीत बांधायची की बाहेरून आणायची, यावर माणसं वर्षानुवर्षं एकमेकांच्या उरावर बसतात. तिकडच्या कुठल्या मिस्त्रीचं खोकं न उघडता परत गेलं असेल, कोण जाणे.

मालकांनी मला आत बोलावलं. म्हणाले, चांगलं उत्तर लिही. संधीबद्दल आभार मान, पुढच्या वेळी आमचा विचार व्हावा म्हण.

"आणि खोक्याचं?" मी विचारलं.

"त्येचं नाव काढू नगंस. तुला पेटायचंय तर घरी जाऊन पेट. हितं चाळीस माणसं हाईत."

मी टाइप केलं. आभार मानले. खाली 'आपला आज्ञाधारक' घातलं आणि मालकांची सही घेतली. माझ्याइतकं सफाईदार इंग्रजी त्या कारखान्यात दुसऱ्या कुणाला येत नव्हतं, याची एवढी लाज मला कधी वाटली नव्हती.

बाहेर दाराशी चाचा उभे होते. "खोकं उघडलं न्हाई, ह्ये लिवलंसा न्हवं?"

"व्हय चाचा," मी म्हणालो. "पहिल्याच ओळीत."

"ब्येस केलंसा. आता त्येंस्नी उत्तर द्यावंच लागंल."

त्यानंतर टपाल आलं की चाचा हातातली लाकूड कोरायची किकरं खाली ठेवून माझ्या टेबलाशी येत. "आलं काय?" मी म्हणायचो, अजून न्हाय. सरकारी काम हाय, वेळ लागतोय, असं तेच मला समजावत आणि परत कामाला जात. हे चार वर्षं चाललं. ते कामावरून कायमचे उतरले त्या दिवशी हार-नारळ झाला, मालक बोलले, फोटो काढला. जाताना माझा हात धरून म्हणाले, "उत्तर आलं तर घराकडं येऊन सांगा. घर तुमच्या वाटंवरच हाय."

खरंच वाटेवर होतं. दुसऱ्या दिवसापासून मी त्यांची गल्ली सोडून राजारामपुरीतून वळसा घालून घरी जाऊ लागलो.