झोकबाईसारखा कोट

अक्का म्हणजे माझ्या नवऱ्याची थोरली बहीण, आमच्याच घरी राहणारी. त्यांच्यासारखी कात्री कुणाची चालत नाही, असं आमच्या दुकानात सगळे म्हणतात आणि घरी नवरा म्हणतो. नवरा जरा जास्तच म्हणतो. मी केलेल्या काजांबद्दल तो आजवर अवाक्षर बोललेला नाही. तेव्हा दुसऱ्याचं कौतुक ऐकून पोटात दुखतं म्हणजे कुठे आणि कसं, हे मला कुणी शिकवायला नको.

बायकांचे कपडे शिवणारं आमचं दुकान. पुढे काउंटर, मोठा आरसा आणि ट्रायलची खोली. मध्ये जाड पडदा आणि पडद्यामागे आम्ही. अक्का कापतात, मशीनवरच्या दोघी शिवतात, मी काज-बटणं आणि हातशिलाई करते. गिऱ्हाइकाने नवा कपडा घालून आरशात पाहिलं आणि ‘वा’ म्हटलं, की ते आम्हाला आत ऐकू येतं. पण शाबासकी घेऊन जातं पुढे उभं असलेलं माणूस. अक्कांनी सगळा जन्म ते ‘वा’ असं आडूनच ऐकलं. अंगात करडा एप्रन, गळ्यात टेप, केस करकचून बांधलेले. स्वतःच्या कपड्यांबद्दल त्यांचं मत एवढंच, की मळलेलं दिसू नये.

मग दुसरी कापणारी म्हणून झोकबाई आली. हे नाव अक्कांनीच ठेवलं, तेही पहिल्याच दिवशी, तिने चप्पल काढायच्या आत. दिसायला ती अगदीच बेताची. ठेंगणी, नाक बसकं, केस वाटेल तसे उडणारे. पण दारातून अशी यायची, जसं काही दुकान तिच्यासाठीच उघडलंय. अंगात तपकिरी कोट, त्याला आतून हिरवं अस्तर, आणि बाह्या दुमडून ते हिरवं मुद्दाम बाहेर काढलेलं. बटणं एकाला एक जुळत नव्हती. बटणं हे माझं खातं, त्यामुळे मला ते आधी खुपलं. आठवडा झाला नाही तर गिऱ्हाइकं विचारायला लागली, ‘मलाही अशीच वेगवेगळी बटणं लावून द्या ना.’ इतकी वर्षं मी डबे उपसून एकसारखी बटणं शोधली, ती काय उगाच?

अक्कांचं तर अन्न गोड लागेना. घरी जाताना रस्ताभर तोच विषय.

‘उरल्यासुरल्या तुकड्यांचं शिवते आणि मिरवते. रूप ना रंग!’

‘पण कोट बसतो हो तिला छान,’ मी म्हणायची. मला तेवढीच करमणूक.

‘कोटात आहे ते. तिच्यात काय आहे? तसा कोट मी घातला तर मीही तशीच दिसेन.’

हे त्या इतक्यांदा म्हणाल्या, की त्यांचा त्यावर विश्वास बसला.

त्यातच मालकीणबाईंनी दुसरं दुकान काढायचं ठरवलं. तिथे पुढे उभी राहायला एक जण हवी होती. गिऱ्हाइकाशी बोलायचं, माप घ्यायचं, ट्रायल बघायची, सगळं तिनेच. अक्का नाहीतर झोकबाई. ‘शनिवारी जुनी गिऱ्हाइकं बोलावलीत. दोघी पुढे थांबा, मग ठरवते,’ मालकीणबाई म्हणाल्या. आणि जाता जाता पुस्ती जोडली, ‘अक्का, तो एप्रन काढून या हं.’

अक्कांचा चेहरा एवढासा झाला. त्यांना ती जागा किती हवी होती, ते मला त्या दिवशी कळलं. एरवी जेवताना चार गोष्टी सुनावणाऱ्या अक्का त्या दिवशी डबा तसाच बंद ठेवून बसल्या.

झोकबाईच्या सुट्टीच्या दिवशी अक्कांनी तिच्या टेबलाशेजारच्या खिळ्यावरून तिच्या कोटाचं पेपर कटिंग, म्हणजे कापायचा कागदी साचा, काढला. आपलं ठेवायचं झाकून आणि दुसऱ्याचं पाहायचं वाकून, तशा त्या कागदावर वाकल्या होत्या.

‘बघ, सापडली खुबी!’

आमच्याकडे कागद अर्ध्या अंगाचाच असतो. कापडाची घडी घालायची, त्यावर अर्धा कागद ठेवायचा, कापलं की दोन्ही बाजू आपोआप सारख्या. झोकबाईचा कागद अख्खा होता आणि डावी-उजवी बाजू वेगळी होती. उजवा खांदा उतरता, त्याच बाजूची बाही जोडायची जागा खोल.

‘अक्का, पण असं वाकडं का कापलं असेल?’

‘स्टाइल असते ती! म्हणून तो असा झोकात पडतो. बया बोलली नाही कधी. तू तुझे काज कर.’

मी माझे काज केले. अक्कांनी वर्तमानपत्रावर तो कागद उतरवून घेतला, आपल्या अंगाप्रमाणे चहूकडून वाढवला आणि घरी बसून जांभळ्या कापडाचा कोट शिवला. शिलाई अशी, की आत कुठलं आणि बाहेर कुठलं कळू नये. एखाद्या पोरीला शिकवताना नमुना म्हणून दाखवावी अशी. घालून दाखवला तेव्हा उजव्या खांद्याखाली एक झोळ लोंबत होता. मी सांगितलं. आमच्या घरचा आरसा तोंड धुवायच्या जागेवरचा, त्यात हनुवटीच्या खाली काही दिसत नाही.

‘इस्त्रीने बसेल,’ अक्का म्हणाल्या. ‘तुला बघवत नाही, ते सांग ना.’

खोटं कशाला बोलू? नव्हतंच बघवत. अक्कांनी ओठांना रंग लावला होता आणि माझा नवरा तोंड उघडं टाकून त्यांच्याकडे पाहत होता. मनात म्हटलं, मिरवू देत.

शनिवारी दुकानातल्या मोठ्या आरशाने काय ते सांगितलं. अक्का आत आल्या आणि तिथेच थबकल्या. झोळ हटला नव्हता. त्यांनी कोट खाली ओढला, वर उचलला, हात कमरेवर ठेवला, काढला. गिऱ्हाइकं यायला लागली. अक्का एकीचं माप घ्यायला हात वर करत आणि दुसऱ्या हाताने आपला खांदा सावरत. टेप दोनदा पडली. तिकडे झोकबाई तोच जुना तपकिरी कोट घालून एका जाड्या बाईंना हसत हसत सांगत होती, ‘पोट झाकू नका हो, त्याच्यावर पट्टा बांधा.’ आणि त्या बाई चक्क हसत होत्या.

थोड्या वेळाने मी पडद्याच्या फटीतून पाहिलं तर झोळ गेला होता. अक्का उजवा खांदा पाडून चालत होत्या. कोट बसावा म्हणून स्वतःलाच वाकडं केलं होतं बाईने! मान एकीकडे, हात लोंबता. एका म्हातारीने विचारलंसुद्धा, ‘काय हो, अवघडला का खांदा?’

झोकबाईने ते ऐकलं. तिने एकवार कोटाकडे नीट पाहिलं. आपला साचा कापणाऱ्याला ओळखू येणार नाही तर कुणाला? तिने अक्कांना ट्रायलच्या खोलीत नेलं आणि मला टाचण्यांची डबी घेऊन यायला सांगितलं. माझी खात्री होती, आता ही झिंज्या उपटणार. मी डबी उघडूनच धरली होती.

तिने आपला कोट काढला. आत साधा बिनबाह्यांचा ब्लाउज होता. उजवा खांदा डाव्यापेक्षा चांगला बोटभर खाली होता आणि हाडावर मोठा उंचवटा.

‘लहानपणी जिन्यावरून पडले. हाड जुळलं ते असंच,’ ती म्हणाली. ‘सरळ कापलेलं काही बसायचंच नाही मला. लोक खांद्याकडेच बघायचे. मग मी कापड माझ्यासारखं कापायला लागले. तुम्ही मला विचारायचं ना, अक्का. तुमचं तुम्हाला कापून दिलं असतं.’

तिच्या आवाजात टोमणा नव्हता. असता तर बरं झालं असतं, अक्कांना भांडता तरी आलं असतं. त्यांनी एकवार त्या खांद्याकडे पाहिलं. मग कोट काढून त्यांनी माझ्या हातात कोंबला आणि एप्रन घालून पडद्यामागे निघून गेल्या. पुन्हा पुढे आल्या नाहीत.

नवं दुकान झोकबाईला मिळालं. मालकीणबाईंनी संध्याकाळीच सांगून टाकलं.

अक्का एप्रन न काढताच निघाल्या आणि रस्ताभर माझ्या चार पावलं पुढे चालल्या. मलाच चुकल्याचुकल्यासारखं झालं. घरी येऊन त्यांनी खोलीचं दार लावलं, गळ्यातली टेप माझ्या हातात दिली आणि पाठ करून उभ्या राहिल्या.

‘माप घे माझं. दोन्ही बाजू वेगवेगळ्या घे.’

मी खांदे मोजले. हात मोजले, कंबर मोजली, खाली वाकून पायही मोजले. एवढ्या वर्षांत मी अक्कांना इतक्या जवळून कधी पाहिलं नव्हतं.

‘कुठे काही कमीजास्त?’

‘नाही अक्का. दोन्हीकडून अगदी सारखं आहे.’

‘खांदे पुन्हा बघ. नीट बघ.’

मी पुन्हा मोजले. ‘सरळ आहेत हो. रेघभरही फरक नाही.’

अक्का मटकन खाटेवर बसल्या.

‘म्हणजे वाकडा खांदाही तिच्याकडेच,’ त्या म्हणाल्या आणि तोंडाला पदराऐवजी तो एप्रनच लावून हमसून हमसून रडायला लागल्या.