छप्पर कुणी बांधलं

ही गोष्ट मी आजवर कुणापाशी बोललो नाही. शैलापाशीसुद्धा नाही — शैला म्हणजे माझी बायको. तिला सांगायची गरजही नव्हती, ती प्रत्येक वेळी तिथेच होती. तुम्हाला सांगतोय, कारण तुम्ही आमच्या नात्यातले नाही. नात्यातल्यांसमोर तोंड उघडायचं मी बऱ्याचदा ठरवलं, आणि प्रत्येक वेळी पाण्याचा ग्लास उचलला.

आमचं घर अंबरनाथ पश्चिमेला. खाली दोन खोल्या, वर एक मोठी, आणि तिच्यावर सिमेंटचे जुने पत्रे. ते तडकले होते, म्हणून काढून रंगीत पत्रे टाकायचं ठरलं. शैलाने चौकशी करून विठ्ठलवाडीचा एक वेल्डर बघून ठेवला होता. मी मात्र माझा माणूस आणला. का आणला? खरं सांगू? तो मला साहेब म्हणायचा.

कारखान्याच्या स्टोअरमध्ये माझी उमर गेली, तिथे साहेब म्हणायला मी होतो, म्हणवून घ्यायला दुसरे. हा कॉन्ट्रॅक्टर शिवमंदिराच्या रस्त्यावर चहाच्या टपरीवर भेटला आणि कप हातात यायच्या आत म्हणाला, "साहेब, टेन्शन नका घेऊ. वरून टँकर ओता, खाली थेंब आला तर बोला." मी तिथेच काम देऊन टाकलं. घरी विचारलंही नाही.

पत्रे चढले. शैला खालून बराच वेळ बघत राहिली. मग म्हणाली, "अहो, याला ढाळ कुठाय? पाणी जाणार कुठून?" कॉन्ट्रॅक्टर माझ्याकडे बघून नुसता हसला. आणि मी — त्याच्यासमोर — म्हणालो, "तुला यातलं काय कळतं? चहा टाक." तिने चहा टाकला. हेही वाईटच, पण मला सांगायचंय ते हे नाही. तिकडे वळतोच आहे, जरा दम धरा.

पाणी वाहून न्यायची पन्हळ लावायची राहिली होती. उद्या माणूस पाठवतो, म्हणाला. तो उद्या आलाच नाही. फोन आधी वाजायचा, मग वाजेनासा झाला.

श्रावणात मुलीचं डोहाळजेवण होतं. वरच्या खोलीत पाट मांडला होता, पोरीच्या अंगावर फुलांचे दागिने, बायकांची गाणी रंगात आलेली. बाहेर पाऊस जोरात सुरू झाला आणि पत्र्याच्या एका स्क्रूपाशी थेंब धरला. मग दुसऱ्यापाशी. मग दोन पत्र्यांच्या जोडावरून धारच लागली, थेट ओटीच्या तांदळात. बायका ताटं उचलून भिंतीकडे सरकल्या. पोरगी आधी हसली, मग तिचा चेहरा पडला. शैला पातेलं घेऊन धावली.

माझ्या थोरल्या बहिणीने, ताईने, सगळ्यांदेखत विचारलं, "वसंता, कुणाला दिलं होतं रे हे काम?"

आणि मी म्हणालो, "हिनेच आणला तो माणूस. मी नको म्हणत होतो."

झालं. एवढंच. किती सहज आलं ते तोंडून — अडखळलोसुद्धा नाही. शैला पातेलं धरून उभी होती. तिने एकदा माझ्याकडे बघितलं. रागाने नाही, रागाने बघितलं असतं तर बरं झालं असतं. ताई म्हणाली, "असली कामं पुरुषांवर सोडावीत गं." बाकीच्या बायकांनी माना हलवल्या. पुढे कितीतरी वर्षं कुठल्याही लग्नात, बारशात, "शैलाचे पत्रे" म्हणून हशा व्हायचा. मीही हसायचो.

आता पुढचं ऐका, कारण पुढचं मला मनापासून आवडतं.

शैलाने त्या कॉन्ट्रॅक्टरचा माग काढला. बदलापूरला त्याचं काम चालू होतं. आम्ही दोघं गेलो. "तू हो पुढे, मी स्कूटर लावतो," असं म्हणून मी कोपऱ्यावरच्या चहाच्या टपरीपाशीच थांबलो. स्कूटर लावायला किती वेळ लागतो? पण तिथून सगळं ऐकू येत होतं. तो म्हणाला, "मॅडम, मी साहेबांशी बोलतो ना." शैला म्हणाली, "साहेब तिकडे चहा पितायत. माझ्याशी बोला." ज्यांचं काम चालू होतं ते घरमालकही बाहेर आले. तिने त्यांना आमच्या घरी काय झालं ते सांगितलं, आवाज न चढवता. त्यांनी त्याच दुपारी काम काढून घेऊन त्याला शिडी उतरवायला लावली. तो आमच्याकडे काही आला नाही, पण परत येताना मागे बसलेली शैला गुणगुणत होती.

मग तिने विठ्ठलवाडीच्या वेल्डरला बोलावलं आणि स्वतः वर चढली. ओढणी कमरेला बांधून, भर उन्हात. सगळे पत्रे उतरवले. ढाळ यावा म्हणून लोखंडी सांगाडा एका बाजूने उचलून घेतला. पहिल्यांदा तिची बाजू चुकली. सगळं पाणी शेजारच्या कांबळ्यांच्या अंगणात पडलं असतं. "माझं चुकलं, खोला परत," ती म्हणाली आणि खोलायला स्वतःच हात लावला. माझं चुकलं! माणूस हे इतकं सरळ बोलू शकतो, हे मी घरात राहून कधी शिकलो नाही. मी कुठे होतो? सुट्टी शिल्लक होती, तरी मी कामावर जात होतो. पुन्हा फसलं तर आपलं नाव नको.

शेवटी कांबळेवहिनींनी त्यांच्या टाकीचा पाइप लावून वरून पाणी सोडलं. गल्ली गोळा झाली होती. पाणी पत्र्यावरून सरसर उतरलं, पन्हळीत पडलं आणि खळखळत गटाराकडे गेलं. बायकांनी टाळ्या पिटल्या. पुढे पावसाळ्यात, एका दुपारी आभाळ फाटल्यासारखं कोसळत होतं, तेव्हा मी जिना चढून वर गेलो. शैला खोलीत मधोमध जमिनीवर हातपाय पसरून उताणी पडली होती. छपराकडे बघत एकटीच हसत होती. फरशी कोरडी ठणठणीत. मी आवाज न करता खाली आलो. ते हसू माझं नव्हतं.

पण छप्पर मी माझं करून टाकलं. कारखान्यातले मित्र आले, वर बघून म्हणाले, काय झकास काम करून घेतलंस रे. मी म्हणालो, "स्वतः उभं राहून करून घेतलं." शैला पोह्यांच्या बश्या घेऊन दारात आली होती. तिने बश्या ठेवल्या, लिंबू राहिलं म्हणाली आणि आत गेली. बुडालं ते तिच्या नावावर, तरलं ते माझ्या. दोन्ही वेळा तिच्या देखत.

आता शैलाला लोक लांबून बोलावतात. उल्हासनगरला, बदलापूरला, कुणाचं छप्पर गळलं की "पत्र्याच्या मॅडम" हव्या असतात. या वर्षी ताईचंच गळलं. ताईने फोन मला केला, "तुला कळतं त्यातलं, येऊन बघ." मी शैलाला घेऊन गेलो. ती सरळ शिडी चढली. वरून तिने ताईच्या कॉन्ट्रॅक्टरला एकेक जोड दाखवला, त्याला वर बोलावलं, आणि तो मुकाट्याने स्क्रू खोलायला लागला. ताई अंगणात मान वर करून बघतच राहिली. मग मला म्हणाली, "तू शिकवलंस होय रे तिला सगळं?"

मी म्हणालो, "हं."

शैलाने वरून ऐकलं असेल. नसेलही. पत्रा वाजत होता.

कॉन्ट्रॅक्टर मी आणला होता. छप्पर शैलाने बांधलं.