खांदेमळणीचं तूप

फिजिओथेरपीच्या बाईंनी शिकवल्याप्रमाणे मी भिंतीवर बोटं चढवत होते. आखडलेला खांदा हात वर जाऊच देत नाही. लेकीनं तुपात हळद कालवून, कोमट करून आणली, आणि त्या वासानं मला थेट माहेरी, तीर्थपुरीच्या गोठ्यात नेलं.

पोळ्याच्या आदल्या दिवशीची संध्याकाळ होती. जू वाहून कडक झालेले बैलांचे खांदे अण्णा, म्हणजे माझे वडील, गरम पाण्यानं शेकून तूप-हळदीनं मळत होते. "आज आवतण घ्या, उद्या जेवायला या," असं बैलांना सांगत होते. माय वाटी धरून शेजारी उभी होती. पाणी शेंदून शेंदून तिचा उजवा खांदा धरला होता. तिची वेणीसुद्धा त्या दिवसांत मीच घालायचे.

"उरलेलं मलाबी लावा जरा, हात वर जाऊन न्हाई राह्यला," ती म्हणाली.

"तुला कुठं औताला जुंपलंय?" अण्णा म्हणाले.

आम्ही सगळे हसलो. मी तर पोट धरून हसले.

आता खांद्यातून कळ निघाली की माझं तेच हसू मला ऐकू येतं. माय पण हसली होती. मग वाटीतलं उरलेलं तूप तिनं डाव्या हातानं निपटलं आणि बैलाच्याच खांद्याला लावलं.