दोन ठोके म्हणजे थांब

आधीच सांगतो — भुताखेतांवर माझा विश्वास नाही. आमच्या घरात कुणाचाच नव्हता. आजोबांनी धम्मदीक्षा घेतली तेव्हापासून अंगारे-धुपारे, करणी, उतारा हे शब्द घरात फक्त चेष्टेला वापरले जातात. दादाच्या ट्रकला लिंबू-मिरचीसुद्धा कधी बांधलेली नाही. शिवाय मी बरीच वर्षं परभणीत वर्तमानपत्रात काम केलंय. गावोगावच्या अशा अनेक गोष्टींच्या बातम्या करायला गेलो, आणि प्रत्येक वेळी मागे एखादा माणूसच सापडला. हे जे लिहितोय त्यात मात्र माणूस सापडलेला नाही.

आमचं गाव बोरीजवळ. मोठा भाऊ — आम्ही त्याला दादाच म्हणतो — तिथे शेती करतो आणि एक जुना ट्रक चालवतो. पॉवर स्टिअरिंग नसलेला, जड. बहिणीच्या मुलीचं लग्न देवगाव फाट्याच्या पुढच्या एका गावात होतं आणि गावातलं वऱ्हाड याच ट्रकमधून न्यायचं ठरलं होतं. दुसरी गाडी मिळत नव्हती. अडचण एकच होती. ट्रक रस्त्यावर सरळ चालत नव्हता. स्टिअरिंग बरंच फिरवलं तरी चाकांना पत्ता नसायचा, आणि मग एकदम गाडी कडेला ओढ घ्यायची.

मी लग्नाच्या आदल्या दिवशी सकाळी पोचलो तेव्हा दादा अंगणात ट्रकच्या कामाला लागला होता. स्टिअरिंग बॉक्सवर एक स्क्रू असतो, तो पिळला की ढिलेपणा कमी झाल्यासारखा वाटतो. दादानं तो चांगलाच पिळला.

"झालं बग. आता कसं घट्ट झालंय," तो म्हणाला.

"घट्ट म्हंजे नीट नव्हं, दादा. खालचे सांधे बगितले का?"

"आलं पेपरवालं! तुला सगळ्यातच भ्रष्टाचार दिसायलाय."

"मागं माणसं बसणार हायेत. लेकरं हायेत."

त्यानं पाना माझ्या हातात दिला आणि म्हणाला, "मग शिर खाली. मी हालवतो वरून."

सांधे तपासायची आमच्याकडची पद्धत अशी — जॅक लावायचा नाही, ट्रकचं वजन चाकांवरच ठेवायचं. एकानं कॅबिनमध्ये बसून स्टिअरिंग थोडं डावीकडे, थोडं उजवीकडे हलवायचं. दुसऱ्यानं खाली पडून एकेका सांध्यावर हात ठेवायचा. जिथे झीज असेल तिथे हाताला टकटक लागते. शेजारच्या खळ्यावर तुरीचं मळणी यंत्र चालू होतं, ओरडलेलं ऐकू येत नव्हतं. म्हणून पान्यानं चेसिसवर ठोकायचं ठरलं. एक ठोका म्हणजे हलव. दोन ठोके म्हणजे थांब.

दुपारचं ऊन होतं. आई ट्रकच्या समोर ओट्यावर तांदूळ निवडत बसली होती. मी उजव्या पुढच्या चाकामागून आत शिरलो. माझं डोकं टायर आणि आतले कमानपाटे — स्प्रिंगच्या लोखंडी पट्ट्या — यांच्यामध्ये होतं. एक ठोका दिला, स्टिअरिंग हललं. दोन दिले, थांबलं. बॉक्सच्या बाजूचा सांधा ठीक होता. मग मी चाकाकडच्या टोकावर हात ठेवला — बॉक्सची ओढ चाकापर्यंत नेणाऱ्या लोखंडी दांडीचं हे टोक; वाटीत गोळा बसवल्यासारखा सांधा. एक ठोका दिला.

थोडा वेळ काहीच झालं नाही. मग दांडी सरकली… पण हलवल्यासारखी नाही. हळू, एकाच दिशेला. उजवीकडे. मी दोन ठोके दिले. थांबली नाही. पुन्हा दोन दिले. टायरची मागची कड मातीत घासत माझ्याकडे येत होती. उभ्या ट्रकचं असं स्टिअरिंग फिरवायला दोन हातांचं बळ लागतं आणि मध्ये दम घ्यावा लागतो. इथे दम घेतला जात नव्हता. मी ओरडलो. रबर कानाला टेकलं, दुसरा कान पाट्याला. आणि माझ्या हाताखाली तो सांधा वाटीतून निसटला.

चाक तिथेच थांबलं. सुटलेली दांडी मात्र माझ्या डोळ्यांसमोर अजून जातच होती — अगदी शेवटापर्यंत. मग परत आली. मग थांबली.

बाहेर कसा आलो ते नीट आठवत नाही. कॅबिनचं दार उघडून मी दादाला शिवी दिली. आत कुणी नव्हतं.

दादा फाटकाबाहेर, रस्त्याच्या पलीकडे, कानाला फोन लावून उभा होता. बहिणीचा फोन आला म्हणून उतरलो, असं तो म्हणाला. "आवाज दिला की तुला," असंही म्हणाला. मला तो ऐकू आला नव्हता. बहिणीलाही मी नंतर विचारलं. त्या वेळी ती त्याच्याशीच बोलत होती.

"मग आत कोण होतं?" मी आईला विचारलं. तिच्या नजरेसमोरच ट्रक उभा होता.

आई म्हणाली, "दादाच बसलाय वाटलं मला. काचंवर ऊन व्हतं. चेहरा न्हाई दिसला, हात दिसले स्टिअरिंगवर… पांढरी बाही."

दादाच्या अंगावर निळं बनियन होतं.

"उतरताना पाहिलंस कुणाला?"

"न्हाई. कुणीच न्हाई उतरलं. दादा उतरलेलाबी मला दिसला न्हाई."

तो सांधा दादानं हातात घेऊन पाहिला. वाटी आतून पार झिजली होती. स्क्रू पिळून घट्ट केलेल्या त्या स्टिअरिंगवर तो वऱ्हाड घेऊन निघणार होता. सांधा रस्त्यात कुठेतरी निसटलाच असता. 

आई म्हणाली, "वाचिवलं त्यानं. जो कोण व्हता त्यानं."

"आई, याचं डोकं व्हतं त्या चाकात," दादा म्हणाला. "सांधा झिजलेला नसता तर? वाचवायलं व्हतं का मारायलं, काय म्हणावं?"

संध्याकाळपर्यंत सेलूहून नवा सांधा आणून बसवला, बॉक्सचा स्क्रू पूर्वीसारखा सैल केला. दुसऱ्या दिवशी ट्रक सरळ चालला. वऱ्हाड सुखरूप पोचलं, लग्न लागलं.

नंतर मी जमेल तेवढी चौकशी केली. उभ्या ट्रकवर स्टिअरिंग स्वतः फिरवून पाहिलं; निम्म्यातच हात भरून आले. उतारामुळे, ताणामुळे चाक आपोआप फिरेल का, हे दोन मेकॅनिकना विचारलं. दोघंही नाही म्हणाले. ट्रकच्या जुन्या मालकाला गाठलं. या गाडीत कुणी गेलं नाही, अपघात नाही, काही नाही. आईचं आणि दादाचं म्हणणं दोन्ही मी इथे जसंच्या तसं दिलंय, कारण त्यातलं कुठलं खरं हे मला आजही ठरवता आलेलं नाही.

आता दादा ट्रकखाली शिरायला लागला की आई हातातलं काम टाकून कॅबिनमध्ये चढते. गुडघे दुखतात, तरी चढते. स्टिअरिंगला हात लावत नाही. दादा बाहेर येईपर्यंत ती नुसती सीटवर बसून राहते — जागा रिकामी राहू नये म्हणून.