हंसाचा ड्रोन आणि दोन वारे

हंसाच्या नि माझ्या घरात एकच भिंत आहे, आणि ती पातळ आहे. त्यामुळे तिच्या घरातली बातमी तिचा नवरा कमलाकांत याच्याआधी मला कळते. त्यात माझा काय दोष?

तिचा निमेश जहाजावर नोकरीला गेला तेव्हा आपला ड्रोन कपाटात ठेवून बजावून गेला, "आई, याला हात लावू नको." हंसाला हे सांगणं म्हणजे हातात किल्ली देणं. बाई त्रेचाळिसाची. बोंबलांचे जबडे एकमेकांत अडकवून वलांडीच्या, म्हणजे बांबूंच्या मांडवाच्या, दोरीवर वाळत घालण्यात आमच्या मुरबे गावात तिचा हात कोणी धरत नाही. आठवड्याभरात त्याच वलांडीवरून ड्रोन घिरट्या घालायला लागला. मी म्हटलं, "कावळे हाकलायला बरा हाय गो!" तिनं माझ्याकडे बघितलंसुद्धा नाही.

माघात तिनं तो पहिल्यांदा दर्यावर नेला, तो नवऱ्याच्या सल्ल्यानं. कमलाकांत म्हणाला, "सकाळी मतलई वारा जमिनीकडून दर्यात जातो, त्याच्यावर जायचं. दुपारी खारा वारा दर्यातून येतो, त्याच्यावर यायचं. आमचे बापजादे शिडाच्या होड्या अशाच चालवायचे."

ड्रोन गेला, अगदी माहेरी निघालेल्या पोरीसारखा सुसाट. परत फिरवला तेव्हा मात्र जागचा हलेना. हंसानं घाबरून घरी परतायचं बटण दाबलं, तर तो आधी आणखी उंच चढला, आणि वर वारा दुप्पट. बॅटरी संपत आली तशी तिनं तो ओहोटीच्या चिखलात उतरवला आणि मांडीपर्यंत रुतत जाऊन उचलून आणला. चिखलातली हंसा बघायला अर्धं गाव जमलं होतं. आमंत्रणं मीच दिली होती.

त्या संध्याकाळी भिंतीपलीकडून ऐकलं. हंसा नवऱ्याला सांगत होती, "तुमची होडी वारा फिरेपर्यंत दर्यात थांबायची. ह्याच्या पोटात वीस मिन्टांची बॅटरी. हा कुठं थांबंल? ह्याला जाताना वारा तोंडावर पायजे, म्हंजे येताना पाठीवर."

कमलाकांत जेवत राहिला.

मग महिनाभर तिनं दुसरं काही केलं नाही. वलांडीवरचे बोंबील नुसते हलत असले तर ड्रोन बाहेर. आडवे व्हायला लागले तर ड्रोनची पेटी बंद. पण जमिनीवरचा वारा म्हणजे वरचा वारा नव्हे, हेही ती शिकली. आधी ताडाएवढा उंच नेऊन डोक्यावरच धरून ठेवायचा. मागं सरकला, तर खाली.

एवढा आटापिटा सासूसाठी होता. गोदूबाईनं दिवाळीत खुबा मोडून घेतला, तेव्हापासून ती खाटेवर. फाल्गुनात कमलाकांतची नवी बोट पाण्यात उतरायची होती आणि तिच्यावर नाव रंगवलं होतं गोदूबाईचं. म्हातारी एकच म्हणायची, "जमिनीवरचा फोटो नको. मला ती पाण्यावर बघायची. सगळी."

हंसा म्हणाली होती, "दाखवीन."

बोट सकाळच्या भरतीला निघाली. पताका लावलेल्या, नारळ फुटलेला, मतलई वारा जोरात. बोटीवरून कमलाकांत ओरडला, "सोड गो आता! वारा पाठीशी हाय!"

"नाय सोडणार!"

"मग म्हातारी बघणार कशी?"

"दुपारी परत या. ओहोटीला बाहेर नांगर टाका. तवा बघू."

सगळ्यांसमोर बोट निघून गेली आणि ही पेटी छातीशी धरून उभी. मीही तोंड आवरलं नाही, "हंसा, पेटीचाच फोटो काढ. फ्रेम करू." तिचे डोळे पाणावले, पण पेटी काही उघडली नाही.

चारच्या सुमाराला बोट आली आणि पाणी कमी म्हणून लांबच नांगरून राहिली. खारा वारा तोंडावर, पदर डोक्यावर राहीना. हंसा आधी वलांडीपाशी गेली. बोंबील झुलत होते, आडवे नव्हते. मग किनाऱ्यावर येऊन तिनं ड्रोन ताडाएवढा चढवला. तो वाऱ्याकडे वाकला, थरथरला, पण मागं सरकला नाही. फोनवर वाऱ्याची पिवळी सूचना आली.

"लाल झाली की?" मी विचारलं. या वेळी चेष्टा सुचली नाही.

"खाली."

ड्रोन वाऱ्याला कापत हळूहळू दर्यावर गेला. फोनच्या पडद्यावर बोट दिसायला लागली, आधी पताका, मग नाळ, म्हणजे पुढचं टोक, मग वर बघून हात हलवणारा कमलाकांत. नाव रंगवलेली बाजू पलीकडे होती. मागून बाप्ये ओरडायला लागले, "फिरव ना पलीकडं! नाव घे! दहाच सेकंद!"

बॅटरी साठावर होती. हंसानं ड्रोन माघारी वळवला.

"अरे, अजून निम्म्याच्या वर हाय!"

"माघात असेच दहा सेकंद कमी पडले नि मी चिखलात गेले," ती म्हणाली, आणि ड्रोन खाली खाली घेत आणला. वारा पाठीवर, त्यामुळे तो एवढ्या वेगानं आला की आम्ही सगळ्यांनी माना खाली घातल्या. तिनं त्याला मागच्या मोकळ्या जागेपर्यंत जाऊ दिलं, थांबवला, वाळूवर टेकवला.

घरी खाटेवर गोदूबाईनं फोन नाकाला लावून बघितलं. तीनदा बघितलं.

"नाव कुठं हाय?"

"नाय घेता आलं, आई. वारा जास्त होता."

"काय करायचंय नाव? माझंच हाय ना, मला ठाव." म्हातारीनं बोटानं पडद्यावर पताका चाचपल्या. "केवढी मोठी गो. आन् ह्यो वेडा हात कोणाला करतोय?"

"तुमाला."

गोदूबाईनं मग फोन सोडलाच नाही.

रात्री भिंतीपलीकडून कमलाकांतचा आवाज आला, जरा दबका. "उद्या नावाची बाजू किनाऱ्याकडं करून उभी करू?"

"करा," हंसा म्हणाली. "पण सोडायचा का नाय, ते उद्याचा वारा बघून सांगेन."