जमाभाऊंचा उंट

४ फेब्रुवारी २०१९. बुद्धिबळाचा एक संच, दोनशे पंचाऐंशी फक्त. संच मी माझ्यासाठी घेतला होता. पण दुसऱ्याच दिवशी जेवणाच्या सुट्टीत जमाभाऊंनी तो माझ्या टेबलावर पाहिला आणि खुर्ची ओढून ते समोर बसले.

"मला हल्ला करायला शिकवा," ते म्हणाले. "बचाव येतो."

जमाभाऊ आमच्या पंपांच्या कारखान्यातले भांडारपाल. त्यांचं खरं नाव फक्त पगारपत्रकात. बेअरिंग मागा, पाना मागा, "आधी जुनं जमा करा" हे ठरलेलं; त्यावरून हे नाव पडलं. एकदा मोठ्या साहेबांना विजेरीसाठी सेल हवे होते. त्यांनाही जुने सेल आणायला परत पाठवलं होतं. साहेबांनी मुकाट्यानं आणले.

हल्ल्याची गरज घरची होती. लेक गावातच दिलेली, नात चार वर्षांची. रविवारी संध्याकाळी तिला बागेत कोणी न्यायचं यावरून जमाभाऊ आणि त्यांचे व्याही यांच्यात जुंपायची. दोघांनी मिळून नेऊन पाहिलं, तर दोघांनी दोन हात धरून दोन दिशांना ओढलं आणि पोरीनं भर रस्त्यात बसकण मारली. शेवटी विहीणबाईंनी निकाल दिला: बुद्धिबळाचा डाव मांडा, जिंकेल तो नेईल. तेव्हापासून जमाभाऊ नातीला खिडकीतूनच टाटा करत होते. व्याही निवृत्त बसचालक. शह द्यायचे तोसुद्धा हॉर्न मारल्यासारखा.

पहिल्याच डावात जमाभाऊंचा आजार माझ्या लक्षात आला. घोडा बाहेर काढायचे, दोन चालींनी परत जागेवर ठेवायचे. कामाशिवाय बाहेर कशाला, असं त्यांचं म्हणणं. मी सांगितलं, आधी सगळ्यांना कामाला लावा. समोरच्याच्या राजाजवळ दोन राखणदार असतील तर आपले तीन तिथं पोचले पाहिजेत. हे पटलं, पण अर्धंच. दुसऱ्या दिवशी त्यांनी एकट्या वजिरालाच स्वारीवर पाठवलं. मी तो कोंडून मारला. त्या दिवशी त्यांनी डबा तसाच परत नेला.

खरी अडचण वेगळीच होती. वाट उघडायला कधी काही द्यावं लागतं, हे त्यांच्या गळी उतरेना.

"कशाच्या बदल्यात द्यायचं?"

"हल्ल्याच्या."

"हल्ला काय जमा करून घेता येतो का?"

मी भांडवल आणि गुंतवणूक समजावली. ते सगळं तुमच्या हिशेब खात्यात, म्हणाले. कपाटातून गेलं ते गेलं. घरी वहिनींनी सांगून टाकलं होतं की तुमचा राजा अगदी तुमच्या वळणावर गेलाय, घरकोंबडा.

तरी महिनाभरानं एका रविवारी ते मला माझ्याच संचासकट व्याह्यांकडे घेऊन गेले. व्याह्यांनी स्वागत केलं, "पंच आणलात वाटतं? आणा. हरताना तेवढीच सोबत."

जमाभाऊंनी पांढरा घोडा बाहेर काढला आणि थोड्या वेळानं परत जागेवर ठेवला. माझं डोकं फिरलं. मी टेबलाखालून त्यांना लाथ मारली. त्यांनी मला परत मारली.

"आला का घोडा भांडारात?" व्याही हसले.

"जमा झाला," जमाभाऊ गरीब चेहऱ्यानं म्हणाले.

व्याही निर्धास्त झाले. राजाला कोपऱ्यात बसवून त्यांनी वजीर पार दुसऱ्या टोकाला प्यादी गोळा करायला पाठवला. एक डोळा टीव्हीवर. तेवढ्यात घोडा पुन्हा बाहेर आला, उंट व्याह्यांच्या राजावर नेम धरून उभा राहिला, वजिराची वाट मोकळी झाली. मग जमाभाऊंनी उंट उचलला आणि राजापुढचं प्यादं मारलं. पण उंटावरचं बोट काही सुटेना. उंट जाणार होता, फुकट जाणार होता.

नात दारात येऊन उभी राहिली. बूट उलटसुलट पायांत. "आज कोण नेणार?"

जमाभाऊंनी बोट काढलं. "घ्या," ते व्याह्यांना म्हणाले. "पावती नको."

व्याह्यांच्या राजानं उंट खाल्ला. घोड्यानं शह दिला. राजा मागे सरला, तोवर जमाभाऊंचा वजीर दारात. व्याह्यांनी आपल्या वजिराकडे पाहिलं. तो अजून लांब प्यादी मोजत होता. पुढच्या चालीला मात.

"हा घोडा तर घरी होता ना?" व्याही म्हणाले.

"होता."

नातीनं टेबलाच्या कडेला पडलेला तो मेलेला उंट उचलून मुठीत घेतला आणि आजोबांकडे पाहिलं. मोठ्या साहेबांना परत पाठवणाऱ्या या माणसानं नुसती मान डोलावली. बूट नीट घातले, बोट धरलं आणि दोघं निघाली. थोड्या अंतरावरून व्याहीही निघाले. पाय मोकळे करायला म्हणे.

दुसऱ्या दिवशी मी उंट मागितला. तिच्याकडून जमा झाला की देतो, असं उत्तर मिळालं. त्यानंतरही तेच मिळत आलं आहे. पटावर उंटाच्या घरात पेनाचं टोपण लावून आम्ही खेळतो.

जमाभाऊंकडून पांढरा उंट एक, येणे बाकी.